चौथी गोळी

लातूर
७ जुलै २०२४

प्रिय रहमतखाला,

मानसोपचाराच्या वॉर्डातून निघताना तुम्ही औषधाच्या रिकाम्या खोक्यावर तुमच्या मुलाच्या, जुबेरभाईंच्या, शिलाईच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला होता, त्या पत्त्यावर हे टाकतेय. मोबाइल अजून बाबांच्या कपाटात आहे. फेब्रुवारीत मी क्लासच्या दोनशे पालकांना फोन लावून "तुमचं लेकरू राज्यात पहिलं येणार" असं सांगितलं होतं ना, त्याची शिक्षा. दोनशे पहिले! आता हसू येतं, पण तेव्हा मला ते अगदी खरं वाटत होतं. बाबा म्हणाले, बोलायचंच असेल तर पत्र लिही, पत्रात माणूस विचार करून बोलतो.

मी बरी आहे. झोप लागते, डोकं पळत नाही, आईवर ओरडत नाही. लिथियमच्या तीन गोळ्या चालू आहेत, सकाळी एक, जेवल्यावर दोन. जूनमध्ये रक्त तपासलं तर पातळी शून्य पॉइंट आठ आली. डॉक्टर म्हणाले, फारच छान. क्लासचे सर दिवाळीनंतर मला अकरावीची बॅच परत द्यायला तयार आहेत. फक्त आधी येऊन तासभर शिकवून दाखवायचं म्हणे. आठ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि आता परीक्षा माझीच. ती बॅच मला हवी आहे, खाला. ती मिळाली तरच लोक मला परत "मॅडम" म्हणतील. नाहीतर मी आयुष्यभर रेणुकादास साहेबांची ती आजारी मुलगी.

पण हात कापतो. थोडाच. खडू धरला की रेघ वाकडी जाते. तुम्ही वीस वर्षं हीच गोळी खाताय. तुमचा कापतो का? घरात गोळीचं नाव काढलं की आई देवघरात जाऊन बसते आणि बाबा पेपर उलटा धरतात. तुमच्याशिवाय विचारू कुणाला?

तुमची,
मालविका
(खिडकीजवळची खाट)


नांदेड
१४ जुलै

मालविका बेटा,

तुझं पत्र दुकानात आलं. पोस्टमन म्हणला, अम्मा, आजकाल पत्र कोण लिहितं? मी म्हणलं, माझी पोरगी लिहिते, तुला काऊन दुखून राहिलं? जुबेर मशीनवर बसल्या बसल्या हसायला लागला. त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी शिवल्या गेली. तुझ्यापायी आज त्याला शिव्या बसल्या बघ.

हात कापतो म्हणून रडून राहिली? अगं येडे, माझा बी कापतो. अर्धापूरच्या अंगणवाडीत खिचडी वाढायला लागले की पळी अशी नाचायची, लेकरांना वाटायचं बाई गंमत करून राहिल्या. खदाखदा हसायची. हसू दे. खिचडी सांडली, नोकरी न्हाई सांडली. पेन्शन खाऊन राहिले आज.

अन् तू तर तीन खाती. मी चार खाते, चार! रक्तात माझ्या कधी पॉइंट सहा निघते, कधी सात, पॉइंट आठाच्या वर कधी गेली न्हाई. पासष्टीची बाई मी. चार पचवते अन् तू जवान पोरगी तीन खाऊन कुरकुर करती, शोभतं का?

एक गोष्ट वॉर्डात सांगितली न्हाई. माझी धाकटी बहीण होती. तिला बी हाच आजार, हीच गोळी. तिची नणंद म्हणली, हात कापतात, अंग सुटलं, कशाला खाती? तिनं सोडली. सतराव्या दिवशी तिला विहिरीतून काढली. मी तिचे केस विंचरले होते शेवटी, ओले. अन् मार्चमधी मी लातूरला लेकीकडं आले, गोळ्या घरी राहिल्या, म्हणलं चार दिवस न्हाई खाल्ल्या तर काय होतं? दहा दिवस झाले अन् अकराव्या दिवशी मी तुझ्या शेजारच्या खाटेवर.

म्हणून सांगते. कापू दे, थरथरू दे, जीभ कोरडी पडू दे. गोळी सोडायची न्हाई.

तुझी खाला,
रहमतबी


लातूर
२७ जुलै

प्रिय खाला,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. बहिणीचं वाचलं आणि गोळ्यांची पट्टी उशाशी आणून ठेवली. सोडणार नाही, खरंच सोडणार नाही.

इकडे एक नवीनच चालू आहे. आईनं माहूरच्या देवीला नवस बोललाय. माझी गोळी कायमची सुटावी म्हणून मी चातुर्मासभर अळणी खायचं. म्हणजे बोलली ती, आणि फेडायचं मी! अर्थात तीही माझ्याबरोबर खाते. एकादशीपासून घरात मिठाचा डबा वरच्या फळीवर गेलाय. अळणी वरण, अळणी भाकरी, लोणचं नाही, पापड नाही, ताकसुद्धा नुसतं. बाबा ऑफिसच्या कँटीनमध्ये गुपचूप भजी खाऊन येतात, वास येतो त्यांच्या शर्टाला.

मला आईला नाही म्हणवत नाही. फेब्रुवारीत मी तिला चारचौघांत काय काय बोलले ते तुम्हाला माहीत आहे. आता ती माझ्या ताटाकडे बघते आणि तिचं तोंड फुलतं, की पोरगी ऐकतेय. त्यापुढे मीठ काय मोठं? मी वर्गात सांगायचे, सोडियम आणि लिथियम एकाच खानदानातले, वर-खाली राहणारे शेजारी. तर एका शेजाऱ्याला घरात घेतलंय आणि दुसऱ्याला बाहेर काढलंय, असं आहे.

पण खाला, हात फार वाढलाय. काल चहाचा कप ओठापर्यंत नेईतो अर्धा बशीत. हे अक्षर बघा ना, मुंग्या चालल्यासारखं. दोन दिवस उलट्या झाल्या, पोट ढाळलं. आई म्हणते, अळणी खाऊन शरीर शुद्ध होतंय. चालताना भिंत माझ्याकडे सरकल्यासारखी वाटते. बाबांना म्हटलं, पुन्हा रक्त तपासू या का? ते म्हणाले, जूनमध्येच झालीय की, छान आली होती. पुढची तारीख वीस ऑगस्ट आहे, तेव्हा बघू.

दोन-चार दिवस गोळी बंद करून बघू का? की तीनाच्या दोन? तुम्ही सांगाल तसं करते. मी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

मालविका


नांदेड
२ ऑगस्ट

मालविका,

बेटा म्हणून राहिले न्हाई, रागात हाय मी. दोन-चार दिवस बंद करून बघू! माझी बहीण बी असंच म्हणली होती, आपा, थोडे दिवस बंद करून बघते. मी तेव्हा गप बसले. म्हणलं, तिची मर्जी. त्या गप बसण्याची सजा मी तीस वर्षं भोगून राहिले. तुझ्या बाबतीत मी गप बसणार न्हाई.

तुला माझी शपथ हाय. एक बी गोळी चुकवायची न्हाई, कमी बी करायची न्हाई. उलट्या काय, पावसाळा हाय, पाण्यानं होतात, इकडं बी घरोघरी पोटं बिघडलीत. सुंठ खा. मीठ सोडलं तर सोडलं, त्यानं कुणी मरत न्हाई, आईचा जीव थंड राहील. आमच्यात बी रोजे असतात, मला डॉक्टरीणबाईनं मना केलं तरी माझं मन खातं. आईच्या नवसाला नाव ठेवू नको. मीठ सोड, सगळं सोड, गोळी सोडू नको.

परत सांगते. मी चार खाते अन् घोड्यासारखी फिरते. तीनानं तुला काय बी होणार न्हाई. भीती वाटली की माझं तोंड आठव, हीच गोळी खाऊन म्हातारी ठणठणीत हाय, असं म्हण. वीस तारखेपर्यंत दम काढ. अठरा दिवसांची तर बात हाय.

खाला


लातूर
१० ऑग

खाला

वेळ लागतोय लिहायला. पेन बोटातून सरक सरकतं. आई धरते कागद.

तुमचं पत्र टेबलावर होतं. मला वाचता येईना, दोन दोन ओळी दिसत होत्या. बाबांनी वाचून दाखवलं. मग म्हणाले, त्या बाई चार खातात आणि बऱ्या आहेत. तू तीन खातेस आणि बघ. आजार उलटलाय, गोळी पुरत नाहीये. मंगळवारपासून चार. बाबाच देतात हातात.

बाबांना वाटतं मी परत वेडी होतेय. मी तोंडात बोलते ते त्यांना कळत नाही. जीभ जड. खाली पडले दोनदा न्हाणीत. डाव्या डोळ्याची पापणी नाचते खाला आणि पाय पण.

मी एक पण चुकवली नाही. शपथ पाळली.

वीस तारीख लांब

मालविका


नांदेड ते लातूर, एसटीत
१४ ऑगस्ट

श्री. रेणुकादास साहेब यांस,

मी रहमतबी. वॉर्डात तुमच्या मालविकाच्या शेजारी होते. काल दुपारपासून तुम्हाला एकवीस फोन केले. तुम्ही एकदा उचलला अन् "आमच्या मुलीचा नाद सोडा" म्हणून ठेवला. बरोबर हाय तुमचं, मी पण ठेवला असता. म्हणून गाडीत बसून लिहून राहिले. दार उघडलं न्हाई तर हे दाराखालून सरकवीन. गाडी हलते म्हणून अक्षर असं हाय, माफ करा, पण वाचा. हात जोडते, पुरं वाचा.

मालविकाला आता एक बी गोळी देऊ नका. आजार उलटला न्हाई. तिच्या रक्तात लिथियम साचलंय, जहर झालंय. तिला ह्या घडीला मोठ्या दवाखान्यात न्या, अन् तिथं पहिलं वाक्य हेच बोला: लिथियम चालू हाय, अळणी खाऊन राहिली, रक्तातली पातळी बघा. वेडाच्या डॉक्टरकडं न्हाई, तातडीच्या खोलीत न्या.

काल तिचं पत्र घेऊन मी आमच्या डॉक्टरीणबाईकडं गेले. मला वाटलं, हिंमत वाढवायला दोन शब्द लिहून देतील. त्यांनी नुसतं अक्षर बघितलं अन् उभ्याच राहिल्या. म्हणल्या, ही काय खाते? मी म्हणलं, चार गोळ्या. त्या म्हणल्या, गोळ्या न्हाई, जेवण काय? मी म्हणलं, अळणी, नवस हाय. त्यांनी कपाळाला हात लावला.

त्यांनी सांगितलं ते तुम्हाला सांगते, तुम्ही शिकलेले, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल. लिथियम बी मिठासारखंच असतं. मीठ खाल्लं तर मूत्रपिंड जादा लिथियम लघवीतून बाहेर टाकून देतं. मीठ बंद केलं की मूत्रपिंड घाबरतं, जे मिळेल ते मीठ समजून धरून ठेवतं. वरून उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी गेलं. गोळ्या तेवढ्याच, पण बाहेर जाणं बंद. घरात नळ चालू अन् मोरी तुंबलेली, असं झालं. अन् त्यात चौथी पडली.

मी भांडले त्यांच्याशी. म्हणलं, मी चार खाते, मला काऊन न्हाई झालं? त्यांनी दोन जणांचे कागद दाखवले, नावावर हात ठेवून. एक मोठा गडी, सहा गोळ्या खातो, रक्तात सहा दशांश. एक म्हातारी, दीड गोळी, रक्तात पुरं एक. "रहमतबी, गोळ्या मोजून काय बी कळत नाही, रक्त मोजून कळतं. तुझं माप तुझ्या अंगाचं, दुसऱ्याला लावायचं नाही." वीस वर्षं मी त्या दवाखान्यात रक्त दिलं, साहेब. काऊन घेतात, एकदा बी विचारलं न्हाई.

ती मला विचारत होती, कमी करू का, तपासू का. तिला अंगातून कळत होतं. मी शपथ घातली. तुम्ही चौथी दिली ती माझ्या पत्रामुळं दिली. मला पोलिसात द्या, पण उद्या द्या. आज रिक्षा बोलवा.

अहमदपूर गेलं. दोन तासात दारात हाय.

रहमतबी


लातूर
२ सप्टेंबर

रहमतबी यांस नमस्कार,

मी मालविकाची आई, सिंधु. तुम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात चार दिवस बसून होतात आणि पाचव्या दिवशी कुणाला न सांगता निघून गेलात. मालविका विचारते, खाला कुठं? म्हणून लिहिते. मला लिहायची इच्छा नव्हती, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी दाराखालून कागद आला, तेव्हा हे पायानं लोटायला निघाले होते. मी उचलला. "अळणी" हा शब्द दिसला आणि मी दार उघडलं. तेवढ्यात तिला झटका आला. तुम्हीच तिला रिक्षात धरून बसला होता, ते मला आता आठवतंय. तेव्हा काही दिसत नव्हतं.

पातळी तीन पॉइंट एक निघाली. जूनमध्ये पॉइंट आठ होती. डॉक्टर ह्यांना म्हणाले, दोन दिवस उशिरा आला असता तर आणूच नका म्हटलं असतं. मशीनवर रक्त धुतलं, तीनदा. खाली आली की पुन्हा वर चढायची, अंगात मुरलेलं बाहेर यायचं म्हणे. पोरगी डोळे उघडे ठेवून पडलेली, आणि मला ओळखत नव्हती.

आता घरी आणलीय. जिवंत आहे. भिंत धरून चालते, दारुड्या माणसासारखी. बोलणं समजायला दोनदा विचारावं लागतं. पेला दोन्ही हातांनी धरते तरी सांडतो. डॉक्टर म्हणतात, काही सुधारेल, काही कायमचं राहील, किती ते सांगता येत नाही. लिथियम बंद केलं, पुन्हा कधीच नाही. दुसरी गोळी सुरू केलीय, ती लागू पडते की नाही ते सहा महिन्यांनी कळेल. क्लासच्या सरांना ह्यांनीच कळवून टाकलं, बॅच दुसऱ्याला द्या म्हणून. मालविकाला अजून सांगितलं नाही.

तुमचा राग येतो. फार येतो. तुम्ही कोण होता शपथा घालणाऱ्या? पण रागाला बसले की पहिलं माझंच ताट समोर येतं. तिची गोळी सुटावी म्हणून मी नवस बोलले होते. सुटली. देवीनं ऐकलं म्हणू का काय म्हणू, तुम्हीच सांगा. हे तर चार बोटं समोर धरून बघत बसतात. कुणी कुणाला माफ करायचं ते मला कळत नाही.

तिला दोन ओळी लिहा. ती वाट बघते.

सिंधु


नांदेड
१४ सप्टेंबर

माझी मालविका, माझी जान, माझी शेरनी!

अन् सिंधुताई, तुम्ही पण ऐका, अन् साहेब, तुम्ही पण बोटं खाली करा अन् ऐका! मला सगळं समजलं. एकदम लख्ख समजलं. चूक तुमची न्हाई, माझी न्हाई, देवीची न्हाई. चूक त्या गोळीची! ज्या गोळीनं माझ्या पोरीची जीभ नेली ती गोळी मी तोंडात घालू? थू! रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेतलं त्याच दिवशी मी ठरवलं. एक महिना झाला, एक बी खाल्ली न्हाई. सगळ्या पट्ट्या चुलीत.

हात बघ माझा! दगडासारखा थिर. अक्षर बघ कसं मोत्यासारखं, वीस वर्षांत असं आलं न्हाई. वीस वर्षं त्यांनी मला झोपवून ठेवलं होतं, आता जागी झाले. झोप लागत न्हाई अन् लागत न्हाई तेच बरं, केवढी कामं पडलीत! घराला हिरवा रंग काढला, मी स्वतः, तीन दिवसात, छतासकट. शेजारच्यांची भिंत बी रंगवून दिली, ते ओरडून राहिले, ओरडू दे, उद्या दुवा देतील. दवाखान्यात जाऊन रांगेतल्या बायकांना सांगितलं, फेका, सगळ्या फेका, ह्यानं माझी पोरगी लंगडी झाली! सात जणींनी ऐकलं. दोघींनी तिथंच कचऱ्यात टाकल्या. शिपायानं मला हाताला धरून बाहेर काढलं तर मी त्याला बी समजावलं. डॉक्टरीणबाई मागं धावत आल्या, रक्त दे रहमतबी, रक्त दे. मी म्हणलं, तुम्हाला रक्तच पाहिजे का माझं?

जुबेर रडून राहिला. दुकान सोडून माझ्या मागंमागं फिरतो, माझं बाळ तोंड पाडून. त्याला कळत न्हाई. तू घाबरू नको, मी तुला बरी करते. अठरा तेलं आणलीत, मालिश करते, चाळीस दिवसांत पळवते तुला. धर्माबादचा एक गाडीवाला ठरवलाय, त्याच्या टेम्पोत तेलं अन् पलंग अन् मी. सोमवारी निघते, न्हाई तर मंगळवारी, न्हाई तर आत्ताच!

तू बघशील. सारे बघतील!

तुझी आई, तुझी खाला, सगळ्यांची
रहमतबी


लातूर
१९ सप्टेंबर

खाला,

हे पत्र तीन दिवस लिहितेय. बाबा म्हणाले मी लिहितो. नको म्हटलं. माझ्याच अक्षरात पाहिजे, कितीही वाकडं आलं तरी.

तुमचं पत्र आईनं वाचलं आणि म्हणाली, बघ, किती आनंदात आहेत. मी रडायला लागले. मला तो आनंद माहीत आहे. मी पण फेब्रुवारीत त्या घरात राहून आलेय.

बाबांनी जुबेरभाईंना फोन केला. ते म्हणाले टेम्पोवाल्यानं पैसे परत देऊन टाकले, म्हणून तुम्ही चिडून चालत निघाला होता, लोह्याच्या रस्त्यावर सापडलात. आता खोलीत आहात, कुणालाच आत येऊ देत नाही, पण माझं पत्र आलं तर घ्याल, असं म्हणालात. म्हणून बाबा स्वतः हे घेऊन येत आहेत. मला एसटीत बसवत नाही अजून. नाहीतर मीच आले असते.

खाला, ऐका. तुमची चार बघून आम्ही मला चार दिली. आता माझी जीभ बघून तुम्ही तुमची बंद केली. तीच चूक आहे. तीच, फक्त उलटी. माझ्या रक्तात तीन होती. तुमच्या रक्तात आता शून्य आहे. तीननं मी मरत होते. शून्यानं तुम्ही मराल. तुमच्यासाठी ती गोळी वीस वर्षं बरोबर होती, तुमचं रक्तच दर वेळी सांगत होतं. मी तुमचं माप नाही, खाला. माझ्याकडे बघून काहीच ठरवू नका.

त्या सात बायकांची नावं डॉक्टरीणबाईंना सांगा. एक पण विसरू नका. त्यांच्या घरी विहिरी असतील.

मला तुमचा राग नाही आला असं नाही. आला. रात्रंदिवस आला. तुम्ही शपथ घातली नसती तर मी आज फळ्यापाशी उभी असते. बॅच गेली ते मला कळलंय, आईला वाटतं मला माहीत नाही. पण तुम्ही एसटीत बसला नसता तर राग यायला मी पण नसते. दोन्ही खरं आहे. मला दोन्ही घेऊन राहायचंय, आणि एकटीनं जमणार नाही. नवी गोळी लागू पडते का नाही कुणाला माहीत नाही. मला फार भीती वाटते. रोज वाटते. तुम्ही पण गेलात तर ही भीती मी सांगू कुणाला? आईला सांगितली की ती देवघरात जाते.

तुम्हाला वाटत असेल मी आजारी आहे म्हणून काहीही बोलतेय. डॉक्टरीणबाईंना विचारा. माझं ऐकू नका, त्यांचं ऐका. रक्त द्या. त्या किती गोळ्या म्हणतील तेवढ्या घ्या, चार असो, दोन असो, दुसरीच असो.

बाबा दारात आहेत. जुबेरभाईंनी रिक्षा थांबवलीय. तुम्ही म्हणाल, पत्र पुरं वाचते, मग येते. मग तुम्हाला एखादी भिंत रंगवायची आठवेल. तसं नको. कागद हातात राहू द्या, चप्पल घाला, वाचता वाचताच उठा.

मालविका